नर्सबाईची पिशवी

ईट गावच्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स होते तेव्हा गावातल्या गरोदर बायका मला लांबून येताना बघितलं की दार लोटून घ्यायच्या. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. सातवा महिना लागला की मी उंबऱ्यात उभी राहून यादी म्हणायला लागायचे. दोन जुनी लुगडी, स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेली. आठ-दहा फडकी. साबण, खोबरेल, ताट, वाटी, तांब्या. लेकराला टोपडं आणि झबलं. हे सगळं एका पिशवीत भरून पिशवी खुंटीला अडकवायची, म्हणजे बाई अडली आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पळापळ नको. शेवटी मी दटावून विचारायचे, "कळलं का?" बाई मान हलवायची. पुढच्या आठवड्यात जाऊन बघावं तर खुंटीला पिशवी नाही की काही नाही.

आमच्या भागात लेकराच्या आधी लेकराची तयारी करत नाहीत. पाळणा आणायचा नाही, झबलं शिवायचं नाही, नाव तर मनातसुद्धा घ्यायचं नाही. दृष्ट लागते म्हणतात आणि पुढचं कुणी बोलत नाही. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. "पाव्हणा यायचा म्हटलं तर दोन दिवस आधी घर सारवता, आणि पोटच्या लेकराला फडकं काढून ठेवायला भिता होय?" असं मी सासवांना तोंडावर विचारायचे. त्या पदराआड हसायच्या. एक म्हातारी एकदा म्हणाली, "बाई, तुमची येळ यिऊ द्या, मग बगू तुमची पिशवी."

माझा स्वभाव तापट होता, हे आता लिहायला हरकत नाही. गावच्या सुईणीचा विळा मी चारचौघांत हातातून काढून घेतला होता. नाळ ब्लेडच्या नव्या पत्तीनंच कापायची, हे माझं बरोबरच होतं. पण ती माझ्या आईच्या वयाची होती आणि मी तिला बायकांसमोर "अडाणी" म्हणाले होते. त्यानंतर ती मला बघून रस्ता बदलायची.

गावानंही मला आपल्या रीतीनं जोखलेलं होतं. बाळंतिणीच्या घरात मला कुणी अडवायचं नाही. थेट चुलीपर्यंत जाऊन मी पाणी उकळायला ठेवायचे. मूल रडलं की मात्र माझा चहा बाहेर ओट्यावर यायचा, कान तुटलेल्या कपात. मी बौद्ध आहे हे कळा थांबल्यावरच त्यांना आठवायचं. मी तो कप तसाच भरलेला ठेवून निघायचे. पुढच्या खेपेला निरोप आला की पुन्हा पेटी उचलून पळायचे.

मग मला दिवस राहिले.

ऐंशीनंतरची ती कोरडी वर्षं. माझे मालक सहकारी साखर कारखान्यावर फिटर होते, पार दुसऱ्या जिल्ह्यात. ऊस निम्मा वाळून गेला होता, पण जो उरला तो गाळायचा होता, म्हणून हंगाम चालू होता आणि हंगामात रजा मिळत नाही. "बारशाला नक्की येतो," असं त्यांचं पत्र होतं. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. उपकेंद्राच्या मागं एक खोली होती, तेच माझं घर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं अशी रीत, पण माझं माहेर म्हणजे एकटी आई.

ती नळदुर्गजवळच्या एका वस्तीत राहायची. विहीर आटली होती. रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं होतं, त्यावर ती दिवस उगवायला माती वाहायला जायची. तिथं जाऊन मी काय करणार, आणि तिनं मला काय खाऊ घालायचं? मी ठरवलं, ती इकडं येईल आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होईन. ठरवलं मीच. मी शिकले, नोकरीला लागले, तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द माझाच असायचा. आईनं खोकल्याला काय घ्यावं, शेळी ठेवावी का विकावी, भावकीतल्या लग्नाला जावं की नाही, सगळं मी पत्रातून कळवायचे. तिला वाचता येत नव्हतं. शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे आणि ती "लेक म्हणती तसं" म्हणून तसंच करायची. मला याचा मोठा अभिमान होता.

तारीख मीच काढली होती. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे की झालं. बुधवार निघत होता. मी आईला लिहिलं, "त्या आधीच्या शनिवारी ये. त्याच्या आधी येऊन बसू नकोस. तुझी हजेरी बुडेल. इथं पाणी टँकरचं आहे. मी काही आजारी नाही आणि तारखेचं मला कळतं." पत्र टाकताना मला वाटलं, किती नीट, मुद्द्याचं पत्र लिहिलं आपण.

बाजारातून एक वायरची पिशवी आणली होती, हिरव्या-पांढऱ्या चौकटींची. ती मी खुंटीला अडकवली आणि रिकामीच ठेवली. गावच्या बायका उपकेंद्रात आल्या की मागच्या दारातून डोकावायच्या. "बाई, भरली का पिशवी?" मी ठसक्यात म्हणायचे, "कवाच!" भरली नव्हती. कामातून सवड मिळाली नाही, असं मी स्वतःला सांगत होते, पण दुपारनंतर उपकेंद्रात माशा मारत बसायचे, सवड भरपूर होती. खरं म्हणजे मला ती पिशवी आईनं भरायला हवी होती. तिनं माझ्यासमोर खाली बसावं, आपल्या जुन्या लुगड्याची फडकी फाडावीत, एकेक घडी करून आत ठेवावी आणि मी नुसतं बघावं. इतकंच माझ्या मनात होतं. एवढ्या बायांना मी यादी सांगितली, मला सांगणारं कुणी नव्हतं. रविवारी दुपारी गाव चिडीचूप असायचं, मी खाटेवर पडून त्या पिशवीकडं बघायचे आणि शनिवारपर्यंतचे दिवस मोजायचे. मला फार एकटं वाटायचं. पोटातलं पोर हलायचं तेव्हा तर जास्तच, कारण ते कुणाला सांगावं असं माणूस जवळ नव्हतं.

तो सोमवार होता. शनिवारला पाच दिवस होते. सकाळी टँकर आला, मी घागर घेऊन रांगेत उभी राहिले. आमची रांग वेगळी, शेवटी. पुढं पाइपावरून दोन बायकांची जुंपली होती आणि सगळ्या तिकडं बघत होत्या. मला कंबरेत पहिली कळ आली. मला वाटलं घागरीच्या वजनानं असेल. घागर तर रिकामी होती. दुसरी कळ आली तेव्हा मी सवयीनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. तिसरीला मला कळायचं ते कळलं. मी रांगेतून निघाले. कुणी बघितलं नाही, बघितलं असतं तरी रांगेतला एक नंबर कमी झाला म्हणून बरंच वाटलं असतं.

खोलीत येऊन मी पिशवी खुंटीवरून काढली आणि भराभर भरली. हात कधी नव्हे इतके चपळ चालत होते. दूध सोसायटीचा टेम्पो कॅन घेऊन भूमला, तालुक्याच्या गावी, निघायच्या बेतात होता, तो गाठायचा होता. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि पोटाखाली एक हात धरून सोसायटीपर्यंत चालत गेले.

टेम्पोवाला ओळखीचा होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलं होतं. माझा चेहरा बघून त्यानं पुढची जागा रिकामी केली. म्हणाला, "नर्सबाई, संगं कोन हाय?"

"कुणी नाही."

"अशा येळेला? गावातली एखादी बाई घ्या की. मी थांबतो."

"कशाला? मला सगळं येतं," मी म्हणाले.

त्यानं गाडी सुरू केली. मला सगळं येत होतं हे खरं, पण ते उत्तर खोटं होतं. मला कुणाच्या दाराशी जावं तेच कळत नव्हतं. दीडशे उंबरे मी ओलांडले होते, प्रत्येक घरात घाईनं शिरून रागानं बाहेर पडले होते. आता कुठल्या दारात उभी राहून म्हणू, की माझ्याबरोबर चला? नाही म्हणाली एखादी, तर? चुलीची सबब सांगितली, तर? मी विचारलंच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूला रानं उघडी पडली होती. मागं अर्धवट भरलेले कॅन एकमेकांवर आदळत होते, दुष्काळानं दूध घटलं होतं ना. दर खड्ड्याला मी दाराची कडी घट्ट धरायचे. टेम्पोवाल्यानं गाडी जितकी सावकाश नेता येईल तितकी नेली. दूध नासेल म्हणून त्याला नंतर बोलणी बसली असणार.

दवाखान्यातल्या सिस्टर माझ्याहून थोरल्या, दर महिन्याच्या मीटिंगला भेटायच्या. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि म्हणाल्या, "आणा पिशवी, काढते मी सामान." त्यांनी पिशवी उलटी केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात्री आली. नाळ बांधायचा दोरा, नवी पत्ती, रबरी हातमोजे, स्पिरिटची बाटली, कापसाचं बंडल. लेकराचं वजन करायचा ताणकाटा. सगळ्यात शेवटी जन्मनोंदीचं रजिस्टर आणि त्याला दोरीनं बांधलेलं पेन.

सिस्टर कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "बाई, तुम्ही बाळंत व्हायला आलात का करायला?"

वॉर्डातल्या बायका हसल्या. मीही हसले. लुगडं नव्हतं, फडकं नव्हतं, पाणी प्यायला तांब्या नव्हता, टोपडं नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या क्रमानं हात चालत आले त्याच क्रमानं ते चालले होते. दुसऱ्या कुणीतरी बाळंत व्हायचं आहे आणि आपल्याला निघायचं आहे, इतकंच त्यांना ठाऊक होतं. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टरना वाटलं कळ आली.

केसपेपर भरताना त्यांनी विचारलं, "सोबत कोण?" मी म्हणाले, "आई शनिवारी येणार आहे." त्या म्हणाल्या, "शनिवारचं नाही, आत्ता कोण?" त्या जागी त्यांनी एक आडवी रेघ मारली. बाकीच्या खाटांभोवती तीन-तीन बायका होत्या, कुणी पाठ चोळत होतं, कुणी चहा फुंकून देत होतं. मी इतके दिवस अशा बायकांना "गर्दी करू नका, बाहेर व्हा" म्हणून हाकललं होतं. त्या दिवशी माझ्या खाटेशी हाकलायला कुणीच नव्हतं.

प्रत्येक बाईला मी सांगायचे, ओरडू नको, दम वाया जातो. मी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले. आधी सिस्टरना सूचना देत होते, "आता बघा, आता किती झालं बघा," असं. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही गप पडा." मग सूचना संपल्या आणि मी नुसती "माय, माय गं" करत राहिले. शेजारच्या खाटेवरची पहिलटकरीण घाबरून रडायला लागली. चार वाजता मुलगी झाली.

गुंडाळायला काही नव्हतं. त्या पहिलटकरणीच्या आईनं आपल्या गाठोड्यातून जुन्या लुगड्याचा तुकडा काढून पुढं केला. नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेला. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "उकळलंय का?"

म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "न्हाय बाई. पर माजी पाच लेकरं यातच निजली." आणि तिनंच माझी लेक त्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिली. तिचा हात माझ्या केसांवरून एकदा फिरला. मला तो हात परका वाटला, आईचा नव्हे, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

बुधवारी मी ईटला परत आले, त्याच टेम्पोतून. तार करायचा विचार होता, पण आमच्या वस्तीवर तार आली म्हणजे वाचायच्या आधी रडारड व्हायची. आई तिथंच खाली बसली असती. म्हणून दोन कार्डं टाकली, एक कारखान्यावर आणि एक तिला. ते तिला वेळेत पोचणार नाही हे मला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी दारात सुईण उभी. लांबूनच दोन्ही हात उघडे करून दाखवले. "इळा न्हाय आनला, बगा." आत आली, पाय पसरून बसली, लेकीला पायावर घेतलं, तेल लावलं, टँकरच्या त्या एवढ्याशा पाण्यात न्हाऊ घातलं. माझ्या पाठीलाही तेल चोळलं.  मला "बसा, चहा घ्या" म्हणायचं होतं, ते ओठांपर्यंत आलं, पण ती माझा चहा घेईल की नाही या विचारात मी होते तोवर ती निघूनही गेली. शुक्रवारीही आली. शुक्रवारीही माझ्याच्यानं विचारवलं नाही.

शनिवारी दुपारी आई आली. अगदी पत्रात लिहिल्याप्रमाणं. डोक्यावर गाठोडं, पायांवर धुळीचे थर. मी दारात लेकीला घेऊन उभी होते. तिनं मला बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, मग खांद्यावरच्या लेकीकडं. गाठोडं डोक्यावरच राहिलं.

मी पाच दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं ते असं, "सगळं उरकलं. आता कशाला आलीस?"

"तूच लिवलं व्हतंस की, शनवारी यी म्हून," आई म्हणाली.

मग तिनं गाठोडं उतरवलं, तांब्याभर पाण्यातलं निम्मंच पायांवर घेतलं आणि हात कोरडे करून लेकीला मागितलं. मी दिली. लेकीला मांडीवर घेऊन एका हातानं तिनं गाठोडं सोडलं. आतून दोन जुनी लुगडी निघाली, धुतलेली. फाडून, घड्या घातलेली फडकी निघाली. डिंक, खोबरं, बाळंतशेपा, ओवा. एक ताट, एक वाटी. टोपडं मात्र नव्हतं, ते तिनं रीतीप्रमाणं शिवलं नव्हतं, पण त्याचं कापड आणि सुईदोरा होता. कागदात गुंडाळलेली एक नवी पत्तीसुद्धा होती. कधीतरी सुट्टीला गेले असताना मी तिथल्या बायकांनाही यादी ऐकवली असणार, आणि तिनं चुलीपाशी बसून ऐकलं असणार. दुष्काळात हे सगळं तिनं कुठून जमवलं ते मी विचारलं नाही.

"कधी भरलंस हे?" मी विचारलं.

"पंदरा दीस झालं. बांदूनच ठिवलं व्हतं."

ती लेकीचे पाय चोळत होती. थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "सोमवारी कामावर पाटी उचलली आन् तुजी आठवन आली बग. जिवाला चैन पडंना. मुकादमाला सांगून निगाले. घरी जाऊन गाठुडं घेतलं, नळदुर्गाला आले. तुळजापूरच्या एस्टीत बसले बी."

"सोमवारी?"

"व्हय. दुपारी."

"मग?"

"मग उतरले खाली. गेले माघारी."

"का उतरलीस?" माझा आवाज चढला.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "आदी यिऊ नगं म्हून लिवलं व्हतंस. गुरुजींनी दोनदा वाचून दावलं. येळंच्या आदी आले असते तर तू रागावली असतीस."

लेक तिच्या मांडीवर झोपून गेली होती. मी भिंतीला टेकून खाली बसले.  तिचं म्हणणं खरंच होतं. मी रागावले असते.